निवडलेले गहू

अगं पोरी, मुद्दाम फोन केला. विद्यापीठातून एवढ्या लांब आलीस आणि चहा न घेताच गेलीस, हे काही बरं केलं नाहीस. बायका सुखात आहेत का, हे तू शेजारच्या सुमनला विचारत होतीस, तेव्हा मी ओट्यावरून बघत होते. सुमन मान खाली घालून निवडलेलेच गहू पुन्हा निवडत होती आणि तिची सासू बोलत होती, “आमच्या सुनेला काय कमी आहे?” बाईला विचारलेला प्रश्न असा वाटेतच कुणीतरी झेलतं.

तू गेल्यावर सुमन म्हणाली, “काकू, त्या ताई परत येतील का हो?”

मी तिच्याजवळ बसले आणि तेच गहू निवडू लागले.

लवकर ये गं. गुरुवारी दुपारी ये, सासू भजनाला जाते.