रांगते मिस्त्री

गुरांची आवारं बांधणाऱ्या या सुताराला सगळी पंचक्रोशी ‘रांगते मिस्त्री’ म्हणून ओळखत होती. नाव कुणीतरी चेष्टेनं ठेवलं होतं, पण त्यानं ते मानाच्या शेल्यासारखं खांद्यावर घेतलं होतं. खांब पुरले, फळ्या ठोकल्या, फाटकं उघडमीट करून पाहिली की इतरांचं काम संपायचं. याचं तिथून सुरू व्हायचं. गुरं हाकण्याची जी वेळ, त्याच वेळी, म्हणजे सकाळी, तो गुडघ्यांना गोणपाट बांधायचा आणि मोठ्या आवारातून निमुळत्या बोळात शिरून थेट खोड्यापर्यंत रांगत जायचा. खोडा म्हणजे जनावराची मान अडकवून डॉक्टर सुई टोचतात ती जागा. गाय जिथून बघणार तिथूनच तो बघायचा. लोंबती साखळी, हलणारी दोरी, भुईवरची काळी सावली, जे दिसेल ते दूर करायचं आणि मगच काम मालकाच्या ताब्यात द्यायचं.

बत्तीस वर्षांत त्याच्या बोळात एकही जनावर अडलं नव्हतं. हे तो दिवसातून एकदा तरी कुणाला ऐकवायचाच. कुणी नसलं तर बायकोला. ती म्हणायची, “ऐकलंय हो. आता जेवा.”

यंदा दोनशे गुरांच्या मोठ्या कुरणावर त्याला काम मिळालं होतं. तिथली मालकीणबाई मोजकं बोलणारी. टेकडीपलीकडे तिला आणखी एक आवार हवं होतं. ते मिस्त्रीकडून बांधायचं की तयार लोखंडी जाळ्या आणून जोडायच्या, हे पहिल्या आवारातून गुरं कशी जातात ते बघून ती ठरवणार होती. मिस्त्रीचा जीव त्या दुसऱ्या आवारात अडकला होता. जेवताना ताटाच्या कडेनं बोट फिरवून तो त्याच्या बोळाचं वळण आखायचा.

आणि नेमका काम सोपवायच्या सकाळी त्याचे नवे व्याही काम बघायला आले. मुलीचं लग्न होऊन महिना झाला नव्हता. व्याह्यांचं शहरात तयार कपड्यांचं दुकान. पांढरीशुभ्र पँट, बोलणं तोलूनमापून. ते कुंपणाला हात न लावता उभे राहिले आणि म्हणाले, काम भक्कम दिसतंय. मिस्त्रीनं गोणपाट हातात घेतलं, व्याह्यांच्या पँटीकडे पाहिलं आणि गोणपाट हळूच पिंपामागे टाकलं. मुलीच्या सासऱ्यासमोर चार पायांवर कसं जायचं? तो बोळातून ताठ मानेनं चालत गेला, दोन फळ्यांवर थापा मारल्या आणि काम झालं म्हणून सांगितलं. डबा घेऊन आलेल्या बायकोनं नुसतं त्याच्याकडे बघितलं. व्याही मुक्कामाला राहिले.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तशी गुरं आवारात आली. डॉक्टर सुया भरून तयार होते, त्यांना दुपारी दुसरीकडे जायचं होतं. म्होरकी तांबडी गाय ऐटीत बोळात शिरली, वळणापाशी आली आणि थांबली. पाय रोवले, मान खाली, नाकातून फुस्स. मागची तिच्यावर, तिच्यामागची तिच्यावर. गडी ओरडले, काठ्या आपटल्या, तशी ती उलटीच मागे सरकू लागली. मालकीणबाईनं घड्याळ पाहिलं. मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. काय झालं ते त्याला कळत नव्हतं, पण कशानं झालं ते पक्कं ठाऊक होतं.

तो मालकीणबाईपुढे गेला. “बाई, चूक माझी आहे. काल मी रांगलो नाही. गुरं मागे घ्या, मला थोडा वेळ द्या.”

“का नाही रांगलात?”

मिस्त्रीनं व्याह्यांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. “लाज वाटली.”

गोणपाट शोधायला तो पिंपाकडे वळला, तर बायको ते झटकून घेऊनच उभी होती. सगळ्यांसमोर तो गुडघ्यांवर बसला आणि निघाला. वळणावर त्याचा हात जागीच थबकला. खालच्या दोन फळ्या वाकणात नीट भिडल्या नव्हत्या. बोटभर फट राहिली होती. फटीपलीकडे गुरांच्या पाण्याचा हौद, आणि हौदावरचं सकाळचं ऊन थेट डोळ्यांत लखलखत होतं. उभ्या माणसाला त्याचा पत्ताच लागला नसता.

“इथं आहे,” तो म्हणाला.

“कुठं? बघू,” आवाज अगदी मागून आला. मिस्त्रीनं वळून पाहिलं, तर व्याही त्या पांढऱ्या पँटीनिशी रांगत आले होते. त्यांनी फटीला डोळा लावला आणि चटकन मागे घेतला.

“अहो, मीसुद्धा पुढे गेलो नसतो.”

मिस्त्रीनं फटीवर पट्टी ठोकली. खिळे व्याह्यांनी पुरवले, एकेक, दुकानात बटणं मोजावीत तसे. मग गुरं पुन्हा सोडली. तांबडी वळणापाशी आली, पट्टी हुंगली, शेपटी उडवली आणि खोड्याकडे चालती झाली. तिच्यामागून एकेक करत सगळी रांग, ओढ्याचं पाणी वाहावं तशी. डॉक्टरांना मान वर करायला सवड मिळेना.

दुपारी मालकीणबाई म्हणाली, “सोमवारपासून पलीकडचं सुरू करा. पण रांगल्याशिवाय मी ताबा घेणार नाही.”

घरी विहीण काय म्हणेल, या काळजीनं बायकोनं पँट धुवायला मागितली. व्याह्यांनी दिली नाही. मातीनं माखलेले गुडघे घेऊनच ते गाडीत बसले आणि काच खाली करून विचारलं, “दुसऱ्या आवाराला कधी रांगायचं, ते आधी कळवाल ना? जुनी पँट घालून येतो.”