झऱ्याच्या राखणदाराला गाऱ्हाणं

आखाती देशात, माहूज भागात, आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे काका मूळचे मालवणकडचे, इथे ड्रायव्हर. नव्या जागी पाय ठेवला की ते हात जोडून त्या जागेच्या अदृश्य राखणदाराला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घालतात. मॉलच्या पार्किंगमध्येही घातलं होतं. सोबत असेल त्याने "व्हय म्हाराजा" म्हणायचं.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मला वाळवंटातल्या एका झऱ्याच्या ओढ्यात राहणाऱ्या दुर्मीळ माशांचे फोटो हवे होते. ते दुसऱ्याच दिवशी दाखवायचे होते. काकांनी सुट्टी असून गाडी काढली. बराच वेळ पाण्यावर वाकून बसलो, पण एकही मासा दिसेना.

"थांब झिला," म्हणत काकांनी घाईत राहून गेलेलं गाऱ्हाणं घालायला चपला काढल्या. "बा म्हाराजा, ह्येच्या घरातलो ह्यो पयलोच कालेजात गेलेलो. तेका मासो दिसांदे."

"व्हय म्हाराजा," मी संकोचून म्हणालो.

थोड्या वेळाने शेवाळाखालून बोटाएवढे चंदेरी मासे खरंच बाहेर आले. मी भराभर फोटो काढू लागलो. काका मात्र माशांकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी घाईने पुन्हा हात जोडले.

"आणि म्हाराजा, ह्ये तळून कशे लागतले, ह्यो इचार माझ्या मनातसून काढून टाक."

मी कॅमेरा बाजूला ठेवला आणि मोठ्याने साथ दिली.