नायकाला देऊन टाकलेली आई

एका रंगीत साप्ताहिकात सव्वीस वर्षं नट-नट्यांवर लेख लिहिणाऱ्या त्या गृहस्थांना कचेरीत सगळे 'साधेराव' म्हणत. कारण उघड होतं. तीनशेच्या वर तारे-तारकांना ते भेटले होते आणि त्यातला एकूण एक माणूस त्यांना 'प्रत्यक्षात अगदी साधा' वाटला होता. चार अंगरक्षक आणि कुत्रं सांभाळायला एक स्वतंत्र माणूस घेऊन फिरणारी नायिकासुद्धा त्यांच्या लेखात स्वतःच्या हातानं चहा ओतायची. प्रत्यक्षात चहा विचारतो कोण? हॉटेलातल्या खोलीबाहेर साधेरावांना दोन तास ताटकळत बसवायचे, आत बारा मिनिटं मिळायची, त्यातली चार नायिका फोनवर घालवायची. उरलेल्या आठ मिनिटांतून साधेराव चार पानं काढत. आडात नसलं तरी पोहऱ्यात आणायचं, हीच तर त्यांची कला.

एकदा मात्र आड अगदीच कोरडा निघाला. त्या वर्षीच्या सर्वात मोठ्या नायकाला त्यांनी विचारलं, "बालपण कसं गेलं?"

"छान," नायक म्हणाला आणि घड्याळाकडे बघू लागला.

संपादकांना 'छान' चालेना. "वाचकाच्या डोळ्यात पाणी आलं पाहिजे. बालपण जरा गरीब करा."

नायकाच्या वडिलांची सिमेंटची तीन दुकानं होती. पाच वाजता पानं छापायला जायची होती. पावणेपाच वाजता साधेरावांनी नायकाला स्वतःची आई देऊन टाकली.

साधेराव शाळेत जाऊ लागले तेव्हा दप्तराला पैसे नव्हते, म्हणून आईनं दोन मोडक्या छत्र्यांचं कापड उसवून दप्तर शिवलं होतं. पोरं त्यांना वटवाघूळ म्हणून चिडवत. रडत घरी आले की आई म्हणायची, "वटवाघूळ उलटं लटकतं, पण पडतं का कधी?" हे सगळं लेखात नायकाच्या नावावर जमा झालं. छत्र्या तेवढ्या दोनाची एक झाली. वाक्य आटोपशीर झालं.

नायकानं तक्रार केली नाही. उलट त्याला ते बालपण फारच आवडलं असावं, कारण आठ वर्षांनी एका पुरस्काराच्या वेळी त्यानं टीव्हीवर ते स्वतःच सांगितलं. 'वटवाघूळ' शब्दाला त्याचा आवाज दाटून आला. सभागृह उठून उभं राहिलं.

साधेरावांची एक्याऐंशी वर्षांची आई समोर बसून मटार सोलत होती. तिचे हात थांबले.

"काय रे, याच्याही आईनं छत्रीच उसवली?"

साधेरावांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "ते मीच लिहिलं होतं गं. त्याचं बालपण फारच सुखात गेलेलं."

"म्हणजे तू मला देऊन टाकलंस?"

"लेखापुरतंच."

"मग परत कुठं आणलंस मला!" आईनं एक शेंग कचकन मोडली. "आणि एका छत्रीत दप्तर होतं होय? दुसरी तुझ्या आत्याकडून मागून आणली होती. चार शब्द ऐकून घेतले तिचे. ते कुठं गेलं?"

ते साधेरावांना जिव्हारी लागलं. पुढच्या दोन दिवसांत त्यांनी आईवर लेख लिहिला. दोन्ही छत्र्या, आत्या, आत्याचे चार शब्द, सगळं जसंच्या तसं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच एकही गोष्ट पदरची घातली नाही.

संपादकांनी लेख वाचला आणि चष्मा काढला. "झकास आहे हो! पण ही छत्री त्यांची आहे. लोक म्हणतील, साधेरावांनी चोरली."

"पण ती माझी आई आहे!"

"असेल. तुमच्याकडे आई आहे, त्यांच्याकडे चित्रफीत आहे." मग त्यांना जरा दया आली असावी. "छत्री काढून दुसरं काही घालता येईल? आईंना त्याखेरीज काही सुचलंच नसेल असं कसं होईल?"

साधेराव लेख घेऊन घरी आले आणि त्यांनी आईला तो मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या. आत्या फारच चांगली दाखवलीय, असं तिचं म्हणणं पडलं. बाकी लेख तिला पसंत पडला. लेख छापून आला नाही; त्याला लाभलेला श्रोता ती एकटीच.

पुढच्या आठवड्यात त्यांना एका नव्या नायिकेकडे पाठवलं. बालपण कसं होतं, या प्रश्नावर ती बिचारी खरं बोलून गेली. "कंटाळवाणं. आई बँकेत, बाबा बँकेत, मी टीव्हीपुढे."

साधेरावांनी तेवढंच लिहिलं. लेख दीड पानात संपला. संपादकांनी कपाळाला हात लावला आणि तो उपसंपादकाकडे 'जरा फुलवायला' दिला. अंक निघाला तेव्हा नायिकेची आई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन तीन कोस अनवाणी चालत होती. लेखावर नाव अर्थात साधेरावांचंच होतं.

आईनं चष्मा सावरत लेख शेवटपर्यंत वाचला.

"ही कुणाची आई रे?"

"उपसंपादकाची असेल."

"मग तिला कळव हो," आई म्हणाली. "बिचारीला पत्ताही नसेल."