टेबल डगमगलं पाहिजे

परगावी गेलेल्या माणसानं जेवायचं कुठं आणि बीअर प्यायची कुठं, या विषयावर माझ्या साडूइतकं चिंतन आजवर कुणी केलं असेल असं मला वाटत नाही. ऋषिमुनींनी केलं असतं, पण त्यांची बीअरची सोय नव्हती. साडू उमरेडचा, विणकर. महिन्यातून एकदा हातमागाच्या लुगड्यांचं गाठोडं घेऊन तो छोट्या रेल्वेनं नागपूरला यायचा, इतवारीत लुगडी द्यायचा, सूत घ्यायचा आणि दुपारी बाराच्या आत सगळं उरकून माझ्या धरमपेठेतल्या घरापुढे उभा राहायचा. खांद्यावर स्वतः विणलेला पंचा आणि चेहऱ्यावर कडकडीत भूक. मी तेव्हा सरकारी कचेरीत कारकून होतो, आणि त्याच्या येण्याच्या दिवशी माझ्या पोटात हमखास दुखायचं. दोन वर्षांनी साहेबांच्या लक्षात आलं. "तुमचं महिन्यातून एकदाच कसं हो दुखतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नात्यातूनच आलंय साहेब." यात खोटं काही नव्हतं.

मी वीस वर्षं नागपुरात राहत होतो आणि मला हॉटेलं माहीत होती दोन. ती दोन्ही साडूच्या मते आजाऱ्यांसाठी होती. "तुमी गावात राहता साडभाऊ, म्हनून तुमाले गाव माहीत नाही," तो म्हणायचा. "घरी शिजते, मंग तुमाले काय पडली? गाव पाहावं ते उपाशी मानसानं." उपाशी माणसानं गाव कसं पाहावं, याची त्याची एक पद्धत होती, आणि ती धंतोलीत सुरू व्हायची. धंतोलीत दवाखान्याला दवाखाना लागून आहे. अख्ख्या विदर्भातून तिथं पेशंट येतात आणि प्रत्येक पेशंटमागे चार नातेवाईक. साडूचं म्हणणं, हॉटेलची चौकशी गावकऱ्याकडे करूच नये, पेशंटच्या नातेवाइकाकडे करावी, आणि तीही दाढी पाहून. दोन दिवसांची दाढी असलेला अजून घाबरलेला असतो, त्याला चहाची चवही कळत नाही. पण दाढी आठ दिवसांची झाली, की त्यानं आसपासचं प्रत्येक हॉटेल पालथं घातलेलं असतं आणि तो कुणाशीही बोलायला तयार असतो. एकदा असाच एक चांगला दहा दिवसांचा दाढीवाला हेरून साडू त्याच्याजवळ गेला, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, मटन कुठी चांगलं भेटते?" त्या बिचाऱ्याला वाटलं, गावाकडचा कुणी सोयरा आला. पुढचं त्यानं ऐकलं नसावं, असं मला तेव्हा वाटलं. साडूच्या गळ्यात पडून तो रडायला लागला, आणि अर्ध्या तासात साडू आत खाटेवर पडून त्याच्या काकाला रक्त देत होता. मी बाहेर बाकावर. दंडाला कापूस लावून साडू बाहेर आला तेव्हा चेहरा अगदी प्रसन्न. "एक बाटली दिली साडभाऊ," तो म्हणाला, "आता एक घेनं लागते." काका बरा झाला. पुढच्या महिन्यात त्याचं आभाराचं पत्र उमरेडला आलं, आणि पत्राच्या शेवटी मटणाच्या हॉटेलाचा पत्ता होता.

बीअरच्या बाबतीत त्याची मतं याहून कडक. बाटलीवरचं नाव तो वाचायचाच नाही. कारखान्यातून येतं ते सगळं सारखंच, बीअर घडते ती बर्फात आणि बर्फ घडतो तो भुशात, असं त्याचं म्हणणं. त्या काळी परमिट रूमवाल्याकडे फ्रीज असला तरी नागपूरच्या मे महिन्यापुढे त्याचं काही चालायचं नाही. बाटल्या गार व्हायच्या त्या बर्फाच्या लादीवर, आणि लादी वितळू नये म्हणून लाकडाच्या भुशात पुरलेली असायची. तेव्हा बीअर प्यायची ती लकडगंजात, कारण तिथं लाकडाच्या वखारी, आरागिरण्या आणि सागाचा ताजा भुसा. "आंब्याच्या भुशातला बर्फ पानचट. बाभळीचा रागीट. सागाचा बर्फ कसा शांत रायते," तो सांगायचा. एकदा त्याची जिरवायचीच म्हणून मी त्याला भलत्याच गल्लीतल्या एका परमिट रूममध्ये नेलं आणि सागाचाच भुसा आहे असं सांगितलं. त्यानं घोट घेतला, डोळे मिटले. "सागच हाय," तो म्हणाला, "पन ओला." मी मालकाला बोलावलं. मालक म्हणाला, आज बर्फ आलाच नाही, बाटल्या मागच्या विहिरीत सोडल्या होत्या. मी विजयी मुद्रेनं साडूकडे पाहिलं. त्यानं शांतपणे दुसरा घोट घेतला. "मंग विहिरीवरचा रहाट सागाचा असन," तो म्हणाला. मालक मागे जाऊन रहाट पाहून आला आणि काही न बोलता गल्ल्यावर बसला. रहाट खरंच सागाचा होता की मालकाला वाद नको होता, हे मला आजवर कळलेलं नाही.

पण हे सगळे किरकोळ सिद्धांत. मुख्य सिद्धांत जेवणाचा, आणि तो असा, की टेबल डगमगलं पाहिजे. हॉटेलात शिरल्यावर साडू पाटी वाचायचा नाही, काय आहे ते विचारायचा नाही. दोन्ही हातांनी टेबल धरून हलवायचा. घट्ट असलं तर आल्या पावली परत. मला बढती मिळाली तेव्हा मी हौसेनं त्याला धरमपेठेतल्या एका नव्याकोऱ्या हॉटेलात नेलं. कूलर, पांढरे टेबलक्लॉथ, टाय लावलेला वेटर. साडूनं टेबल हलवून पाहिलं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. वेटर धावत आला, "साहब, कुछ प्रॉब्लेम है?" साडू म्हणाला, "हे हालत नाही गा." वेटरला कौतुकच वाटलं. "हिलेगा कैसे साहब, एकदम नया है!" साडूनं त्याच्याकडे दयेनं पाहिलं आणि पंचा खांद्यावर टाकून बाहेर पडला. मी मागे राहून वेटरला काहीतरी सांगण्याचा प्रयत्न केला, पण खरं कारण सांगितलं असतं तरी त्याला पटलं नसतं.

खरं कारण असं. आम्हा कोष्ट्यांच्या घरात माग असायचा तो जमिनीत. चांगला कमरेइतका खड्डा, विणणारा त्याच्या काठावर बसणार, पाय खाली सोडून पायाखालच्या पट्ट्या आळीपाळीनं दाबणार आणि हातानं धोटा फेकणार. गिरणीच्या कापडापुढे लुगडी खपेनाशी झाली, तेव्हा नागपुरातल्या कितीतरी घरांनी माग मोडले, खड्डे बुजवले, वर फरशी टाकली आणि त्याच खोलीत सावजी खानावळ काढली. स्वयंपाकाला घरचीच बाई, घरी कुटलेला मसाला आणि वर बोटभर तर्री. पण बुजवलेली माती कितीही चोपा, पावसाळ्यागणिक थोडी बसतेच. फरशी एका बाजूनं खचते आणि तिच्यावरचं टेबल डगमगतं. "टेबल हाललं म्हंजे खाली खड्डा हाय," साडू एकेक बोट दुमडत सांगायचा. "खड्डा हाय म्हंजे माग होता. अन् माग होता म्हंजे चुलीजवळ आपली बाई हाय." या तर्काची मी मनसोक्त टिंगल केली, पण तो एकदाही चुकला नाही हे कबूल केलं पाहिजे. असल्या टेबलांवर आम्ही जे काही खाल्लं, त्यानं नाक, डोळे आणि कान एकदम वाहायला लागायचे आणि तरी हात थांबायचा नाही.

या जेवणांत एकच त्रास होता. साडूचे पाय. आठव्या वर्षापासून मागावर बसलेला माणूस तो, बसला की त्याचे पाय आपसूक चालू व्हायचे, डावा, उजवा, डावा, उजवा. घट्ट टेबलाखाली ते खपून गेलं असतं, पण आमचं टेबल आधीच डगमगतं. माझ्या कचेरीच्या एकूण एक शर्टावर तर्रीचे नाहीतर बीअरचे डाग पडले आहेत ते त्या पायांमुळे. जेवण येईपर्यंत तो मालकाला हळूच विचारायचा, "कोनाचा माग होता गा?" मालक म्हणायचा, "बाबाचा." नाहीतर, "माहाच होता." मग साडूचे पाय क्षणभर थांबायचे. भाकरी मोडता मोडता तो दर वेळी मला एकच वाक्य ऐकवायचा, "आमचा खड्डा उघडा हाय बरं साडभाऊ." आमच्या घरचा माग माझ्या वडिलांनी मी शाळेत असतानाच मोडला होता, त्याच्या आलेल्या पैशावरच मी शिकलो आणि कारकून झालो. त्या वाक्यानं मला उगाच अपराधी वाटायचं, आणि त्याचा रागही यायचा.

उघडा होता खरा, पण त्यावरून साडूच्या घरात रोज खटके उडत होते. त्याची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, नात्यानं माझी आकडसासू. हाताला अशी चव, की तिनं नुसतं पाणी उकळलं तरी माणसं ताट घेऊन बसतील. तिला माग मोडून खानावळ काढायची होती. एकदा दोघं आमच्याकडे आले असताना तिनं माझ्या बायकोपुढे सगळं बोलून टाकलं. "पाह्य वं," ती म्हणाली, "या मानसाले दुसरीच्या हातचा रस्सा खाले नागपूरले या लागते, अन् घरच्या बाईनं खानावळ काढतो म्हनलं तं याच्या पोटात गोळा येते. पोरायचं शिक्षन लुगड्यावर होईन का? कोन नेसते आता लुगडे? तूच सांग, तू नेसतं का?" माझ्या बायकोनं नायलॉनच्या साडीचा पदर सारखा केला आणि ती चहा ठेवायला उठली. साडू खाली मान घालून म्हणाला, "काढ ना तू खानावळ. म्या कुठी नाही म्हनलं? पन खड्डा बुजवाचा नाही." आकडसासू कडाडली, "मंग टेबलं कुठी मांडू? तुमच्या डोक्यावर?" मी हसलो. बाकी कुणीच हसलं नाही.

त्यानंतर साडू यायचा थांबला. एक महिना, दोन महिने, तीन. माझ्या पोटात दुखेना, तेव्हा साहेबांनीच काळजीनं विचारलं, सगळं ठीक आहे ना? चौथ्या महिन्यात पोस्टकार्ड आलं. अख्ख्या कार्डावर दोन ओळी, "माग उतरवला. जेवाले या." एरवी त्याच्या कार्डावर पत्त्यालाही जागा उरायची नाही. ते मी बायकोला वाचून दाखवलं आणि पुढच्याच रविवारी आम्ही इतवारीहून छोट्या गाडीत बसलो. गाडी तिच्या सवयीनं रमतगमत चालली होती, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की तिनं अजून हळू जावं.

घराच्या पडवीत चार टेबलं मांडलेली. दोन टेबलांवर गिऱ्हाईक, आतून मसाल्याचा झणझणीत वास, आणि खांद्यावर तोच पंचा टाकून साडू वाढत होता. त्यानं मला बसवलं. मी काहीतरी थट्टा करायची म्हणून त्याच्यासारखंच दोन्ही हातांनी टेबल धरून हलवलं. टेबल घट्ट. दुसरं हलवलं, तेही घट्ट. "साडूबुवा," मी म्हणालो, "तुमच्या शास्त्राप्रमाणे इथं जेवायला नको." तो नुसता हसला आणि वाढत राहिला. रस्सा काय होता म्हणून सांगू! नागपुरातलं एकही डगमगतं टेबल त्याच्या जवळपास नव्हतं. आकडसासू दारात उभी राहून माझ्या घामेजलेल्या टकलाकडे समाधानानं पाहत होती. जन्मात पहिल्यांदा तिला मी एवढं खूश पाहिलं.

जेवण झाल्यावर साडू म्हणाला, "इकडे या." मागाच्या खोलीत गेलो. माग नव्हता. त्याची लाकडं भिंतीला लावून, सुतळीनं बांधून, वरून लुगड्यानं झाकून ठेवलेली. जमिनीवर मात्र फरशी नव्हती, फळ्या होत्या. साडूनं वाकून त्यातल्या दोन उचलल्या. खाली खड्डा तसाच उघडा, आणि त्यात अर्ध्यापर्यंत भरलेला भुसा. त्यानं हात घालून थोडा बाजूला केला, तर आत बर्फाची लादी आणि तिच्याभोवती निजलेल्या बीअरच्या बाटल्या.

"लकडगंजातून दोन पोते आनला," तो म्हणाला. "साग."

"विकता?"

"छ्या! लायसन कोन देते मले? साडभाऊसाठी हाय." मग आवाज उतरवून म्हणाला, "पडवीत टेबलं मांड म्हनलं, खड्ड्यात मी बीअर ठेवतो म्हनलं. ते अशी हासली, अशी हासली, का बुजवा म्हनाचंच सोडलं तिनं."

आम्ही दोघं खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसलो. भुशाचा गारवा पोटऱ्यांपर्यंत चढत होता. त्यानं बाटली उघडली, घोट घेतला आणि मला दिली. साग, बाभूळ, आंबा, कशाबद्दल एक शब्द नाही. मला त्याला सांगायचं होतं, की तुम्ही बरोबर केलंत. तेही सांगायचं होतं, की मला फार वाईट वाटतंय. दोन्ही खरं होतं, म्हणून एकही सांगता आलं नाही. तेवढ्यात खालून किणकिण ऐकू आली. पाहिलं तर त्याचे पाय चालू झाले होते. डावा, उजवा, डावा, उजवा. पायाखाली पट्ट्या नव्हत्या, नुसता भुसा दबत होता आणि बाटल्या एकमेकींना लागत होत्या.

पडवीतून आकडसासूची हाक आली, "ऐकलं का जी? चार मानसं आले जेवाले!"

"येतो," साडू म्हणाला, आणि आणखी थोडा वेळ विणत बसला.