पेडल कडक झालं तेव्हा गाडीखाली कोण होतं?

आधीच सांगते, म्हणजे उगाच माझ्याकडं कुणी तसल्या नजरेनं बघायला नको. आमच्या घरात लिंबू-मिरची फक्त ताटात असते. नवऱ्याचं गॅरेज असूनही एकाही गाडीला मी ती बांधू दिली नाही. अंगात येणं, बाहेरचं असणं... असलं कुणी बोलायला लागलं की मी सरळ उठून चहा ठेवायला जाते. तरीही हे लिहायला बसले, कारण हे मी ऐकलेलं नाही, माझ्या पायाला कळलेलं आहे.

नांदेडला मुदखेड रोडवर आमचं घर, पुढं पत्र्याचं शेड, तेच गॅरेज. ते सुरू केलं माझ्या थोरल्या दिरांनी, म्हणजे आण्णांनी. भूकंप झाला तेव्हा ते लातूरकडच्या एका खेड्यात मित्राच्या घरी मुक्कामाला होते. दगड-मातीचं घर... आण्णा परत आलेच नाहीत. आमची लेक वैशाली तेव्हा चौथीत होती. आण्णा तिला 'डाक्टरीणबाई' म्हणायचे आणि ती ऐटीत 'ओ' द्यायची. ते गेल्यावर यांनी घरात भावाचं नावच घेणं सोडलं.

वैशाली दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. त्या काळात हुशार पोर म्हटलं की लातूरचे क्लास, दुसरं काही कुणाला सुचायचंच नाही. तिचीही तिथं खोली ठरली. दोन मैत्रिणी सोबत, पेट्या, गाद्या, आणि न्यायची आमच्या जुन्या पांढऱ्या व्हॅनमधून. मी म्हटलं, एसटीनं जाऊ द्या. तर यांना अपमान वाटला! "मेकॅनिकची पोर एसटीनं जाईन? लोक काय म्हणतील?"

म्हणून यांनी हौसेनं व्हॅनचे पुढचे ब्रेक खोलून नवे सील टाकले, आणि तिथंच दुखणं सुरू झालं. ब्रेकच्या नळीत तेल असतं. त्यात हवा अडकली की पेडल ऐनवेळी मऊ पडतं आणि गाडी पुढं जातच राहते. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एक सीटवर बसून पेडल दाबून धरतं, दुसरं गाडीखाली जाऊन चाकाजवळचं निप्पल, म्हणजे हवा सोडायचा बारका स्क्रू, सैल करतं. हवा-तेल बाटलीत येतं, निप्पल आवळायचं, मग पेडल सोडायचं. लग्न झाल्यापासून पेडलवर मीच.

हे गाडीखालून ओरडतात, "मार, मार... धर!" आण्णा कधी ओरडायचे नाहीत. ते पान्यानं चेसीवर, गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, ठोकायचे. एक ठोका म्हणजे दाबून धर, दोन म्हणजे सोड, तीन म्हणजे झालं, उतर.

उद्या सकाळी निघायचं आणि आज दुपारपर्यंत पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं. हवा काढ काढ काढली, हटायलाच तयार नाही! शेवटी खापर माझ्यावर. "तुला साधं पेडल धरता येत न्हाई, सुमे." मीही काही ऐकून घेणारी नाही. म्हटलं, "मग तुम्हीच वर बसा अन् तुम्हीच खाली जा." हे पाना आपटून तरातरा स्पेअरच्या दुकानाकडं निघून गेले. मी सीटवर तशीच फुगून बसले. आले तरी बोलायचं नाही, ठरवूनच टाकलं.

थोड्या वेळानं मागच्या चाकाकडून आवाज आला. टक्.

मला वाटलं, मागच्या दारानं आले असतील, रागात आहेत म्हणून तोंड उघडत नाहीत. बरं, मुक्यानं तर मुक्यानं. मी पेडल दाबलं. ते खाली गेलं, खालून निप्पल सैल केल्यावर जातं अगदी तसं. टक् टक्. सोडलं. पुन्हा टक्. असं एकेक चाक करत आवाज पुढं आला, माझ्या सीटखालच्या चाकाशी. ठोका तळपायाला लागायचा. आणि दर वेळी पेडल घट्ट होत चाललं. मग तीन ठोके.

मी उतरले आणि गाडीखाली बघून म्हटलं, "झालं का समाधान?"

तेवढ्यात पुढचं फाटक वाजलं आणि हे आत आले. हातात पिशवी.

"कोणाशी बोलून राहिली?"

"तुमच्याशी! खाली तुम्हीच होता की!"

"मी आत्ता येऊन राहिलो ना दुकानातून!"

दोघं वाकलो. खाली कुणी नाही. बाटली यांनी ठेवली तिथंच, बाजूला पडलेली. निप्पल सगळी आवळलेली. "येड लागलं काय तुला," म्हणत हे सीटवर बसले आणि पेडल दाबलं. मग पुन्हा दाबलं. कडक! खाली उतरून त्यांनी जॅक लावला.

त्यांनी पुढची चाकं काढली आणि कपाळाला हात लावला. कॅलिपर, म्हणजे ब्रेकची चकती चिमटीत धरतो तो भाग, घाईत डावा उजवीकडं आणि उजवा डावीकडं बसवला होता. निप्पल वर पाहिजे, ते खाली गेलं होतं. हवा वरच अडकणार. "अशानं जन्मात हवा निघत न्हाई," ते म्हणाले. "मग पेडल कडक कसं?"

नळी न सोडवता त्यांनी एकेक कॅलिपर उतरवून निप्पल वर केलं, मध्ये चकतीच्या जागी लाकडाचा तुकडा धरला आणि मला दाबायला लावलं. नुसतं तेल आलं. एक बुडबुडा नाही.

तेव्हा मी ठोक्यांचं सांगितलं. "आण्णाचं नाव काढू नको," एवढंच म्हणाले. नळी सोडवली तर पुन्हा हवा शिरेल म्हणून कॅलिपर होते तसेच बसवले, आणि चाकं लावून मुदखेड रोडवर चकरा मारमारून ब्रेक बघितला. पोरीला न्यावं का नको, ठरेना. शेवटी वैशालीच म्हणाली, "बाबा, ब्रेक लागतो ना? मग चला की!"

सकाळी गेले. माझा जीव थाऱ्यावर नाही. दुपारी शेजारच्या मुमताज भाभींनी भिंतीवरून हाक मारली, "सुमन, जल्दी आओ, फोन है तुम्हारा!"

लातूरहून हेच बोलत होते. वाटेत लोहा गावाच्या पुढं उतारावर एक ट्रॅक्टर अचानक आडवा वळला. वैशाली पुढच्या सीटवर. "मी पाय ठेवला अन् गाडी जागेवर थांबली, सुमे. ट्रॉलीला हात लावता आला असता." मग नुसता रडण्याचा आवाज. "आण्णानं पोर पोचवली गं..."

पुढं यांनी कॅलिपर नीट बदलून घेतले. वैशाली खरंच डॉक्टर झाली. ती म्हणते, हवा तेलात आपोआप विरली असेल. हे मान डोलावतात. मी विचारते, "आणि ठोके?" तर ती उठून चहा ठेवायला जाते. माझीच लेक.

हे आता गाडीखालून ओरडत नाहीत, पान्यानं ठोकतात. तीन ठोके झाले की मी उतरून आधी खाली वाकून बघते. हेच असतात. आणि खरं सांगते, दर वेळी थोडं वाईट वाटतं.