दोन रेघांची खुंटी

"वाढली बघा, मास्तर."

खरादावर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, फिरणारी खुंटी मधोमध तडकून बाजूला उडाली, की चाचा एवढंच म्हणायचे. तुटली नाही, मोडली नाही, फुटली तर नाहीच नाही. वाढली. मी पहिल्यांदा त्यांच्या दारात गेलो तेव्हाही एक अशीच वाढली होती. मी भाबडेपणानं विचारलं, "म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त झाली का?"

त्यांनी खराद फिरवायची हातातली दोरीची कामठी थांबवली आणि मला खालून वर पाहिलं. "लगीन झालंय का तुमचं?"

"नाही."

"मग बरोबर हाय," म्हणाले आणि पुन्हा कामठी ओढायला लागले.

बांगडी फुटली असं म्हणू नये, वाढली म्हणावं, हे आपल्यापैकी सगळ्यांनी घरात ऐकलेलं असतं. मीही ऐकलं होतं. पण लाकडाच्या खुंटीला कुणी असं म्हणेल हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. चाचांचं सारं आयुष्य नवरीमुलींसाठी लाखेचे चुडे करण्यात गेलं होतं. फुटण्याचा शब्द तोंडातून गेला तर चुडा नासतो, असं त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणीच बजावलं होतं. पुढं काचेच्या बांगड्या आल्या, लाखेला कुणी विचारीनासं झालं, चुडे गेले. शब्द मात्र तोंडात राहिला. त्यांच्या घरात दिवा वाढायचा, मडकं वाढायचं, एकदा तर शेजाऱ्याचं गुडघ्याचं हाड वाढलं होतं. मी बराच वेळ त्या शेजाऱ्याला कसली गाठ आली आहे, असंच समजून चाललो होतो.

तो काळ महाराजांच्या राज्याचा. कोल्हापुरात शाळा निघत होत्या, ज्यांच्या घरात पाटी कधी आली नव्हती त्यांची पोरं शाळेत येत होती. मी नुकताच मास्तर झालो होतो आणि माझ्या वाट्याला बिगरीचा वर्ग आला होता. चाळीस पोरं, त्यातली निम्मी रडणारी. आमच्या हेडमास्तरांनी कुठल्याशा पुस्तकात परदेशातल्या बालशाळेचं चित्र पाहिलं. लहान मुलं रंगीत खुंट्या निवडून फळीच्या भोकांत बसवताहेत. त्यानं म्हणे मुलाला रंग कळतात, बोटं वळायला लागतात आणि पुढं लेखणी नीट धरता येते. "अशा पेट्या करून घ्या," त्यांनी मला फर्मावलं. मी शोधत शोधत गंगावेशीजवळच्या एका बोळात चाचांच्या खरादापाशी पोचलो.

चित्र त्यांच्यापुढं धरलं. त्यात गोल खुंट्या होत्या, तशा चौकोनीही होत्या. चाचांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला.

"फिरतंय ते गोल व्हतंय, मास्तर. चौकोन पायजे तर सुताराकडं जावा."

"बरं, गोलच करा. पण तीन रंगांच्या. लाल, पिवळ्या, हिरव्या."

"कराय काय हाय? पर पोरांनी करायचं काय ह्यांचं?"

"निवडायच्या. लाल लालच्या ओळीत, पिवळ्या पिवळ्याच्या."

"निवडल्यावर?"

"पुन्हा मिसळायच्या आणि पुन्हा निवडायच्या."

चाचांनी चाचीला हाक मारून बाहेर बोलावलं आणि मला तेच पुन्हा सांगायला लावलं. दोघंही माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "आमच्या घरात जोंधळा निवडत्यात," चाचा म्हणाले. "पर निवडलेल्यात परत खडं मिसळल्यालं कुनी बघितलं न्हाय. मिसळायच्याच हायत तर निवडायच्या कशाला?"

मी हेडमास्तरांचं वाक्य म्हणून दाखवलं, बोटं वळतात वगैरे. ते त्यांना पटलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मलाही पुरतं पटलेलं नाही. बत्तीस वर्षं शिकवलं, दर वर्षी निवडून दिलेली पोरं पुढच्या वर्गात गेली आणि जून महिन्यात नवा ढीग मिसळून समोर आला. तेव्हा तेव्हा चाचांचा प्रश्न आठवायचा.

पण काम त्यांनी फार सुरेख केलं. एका हातानं कामठी ओढायची, दुसऱ्या हातात पटाशी, पायाच्या अंगठ्यानं तिला टेकू. कुड्याचं पांढरं लाकूड बघता बघता गुळगुळीत व्हायचं. मग रंगीत लाखेची कांडी फिरत्या खुंटीला टेकवायची. लाख वितळून अंगभर बसायची आणि वरून केवड्याचं पान फिरवलं की तिच्यात तोंड दिसायचं.

पहिल्या पेट्यांतल्या खुंट्या साध्या होत्या. वर्षाभरानं आलेल्या खुंट्यांवर मात्र बारीक रेघा कोरलेल्या दिसल्या. लाल खुंटीवर एक, पिवळीवर दोन, हिरवीवर तीन.

"ही नक्षी कशाला, चाचा?"

"बोटाला बी काय तरी कळाय नको व्हय?" ते म्हणाले.

मी हेडमास्तरांना सांगितलं, कारागीर मोठा कल्पक आहे. स्वतःवरही खूष झालो. त्याच सुमारास चाचा माझ्या पावलांवरून मला ओळखायला लागले होते, माझ्या हातातला कागद न बघता खाली ठेवायला लागले होते आणि लाखेच्या कांड्या चाची त्यांच्या हातात देऊ लागली होती. हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही असतात तर तुम्हाला कळलं असतं का? मला नाही कळलं. म्हातारपणी नवराबायकोत माया वाढते, एवढाच अर्थ मी काढला.

त्यांचे डोळे पाण्यानं भरलेले असतात, एवढं मात्र माझ्या लक्षात आलं होतं. मीच त्यांना एका हकिमाचं नाव सांगितलं होतं. महिन्याभरानं गेलो तेव्हा विचारलं, "काय चाचा, औषधाचा गुण काय?"

ते हसले. कामठी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "नजर वाढली, मास्तर."

"वा, फार छान झालं," मी म्हणालो. "मग आता काम जास्त दिलं तरी चालेल. आणखी सहा पेट्या हव्यात."

चाचांनी मांडीवरची कामठी पुन्हा उचलली. मग म्हणाले, "द्या की. खराद चालू हाय तवर मी हितं हाय. खराद बंद झाला की लेकीच्या दारात. आनि लेकीच्या दारात बसून भाकरी खायाची मला न्हाय."

त्यांची एकुलती एक लेक नव्यानं वसत असलेल्या जयसिंगपुरात दिली होती. जावई तिथं अडतीच्या दुकानात कामाला होता. चांगला होता, दर सणाला न्यायला यायचा. चाचा दर वेळी काहीतरी काम हातात असल्याचं सांगून त्याला परत पाठवायचे. आता हातातलं काम म्हणजे फक्त आमच्या शाळेच्या पेट्या.

त्या सहा पेट्या चालू असताना लेकीचं बाळंतपण निघालं आणि चाची महिन्याभरासाठी जयसिंगपूरला गेली. चाचांनी पेट्या वेळेवर पोचवल्या. मी पहिली उघडली आणि वर्गात गोंधळ माजला. पिवळ्याच्या खणात हिरव्या, लालच्या खणात पिवळ्या, एक खुंटी तर अर्धी लाल अर्धी हिरवी. पोरं भांडायला लागली. नेमके हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "मास्तर, निवडायचं कारागिरालाच शिकवा आधी."

मी तापलो. पेटी काखोटीला मारून बोळात गेलो आणि चार माणसांदेखत चाचांना नाही नाही ते बोललो. नजर चांगली झाली तरी हात असा निष्काळजी कसा, असंही बोललो. ते वाक्य मला अजून टोचतं.

चाचा म्हणाले, "मास्तर, रेघ बघा की. रेघ चुकली न्हाय."

"रेघेचं काय घेऊन बसलात? रंग चुकलाय."

"रंग..." म्हणाले आणि थांबले. मग एवढंच म्हणाले, "मी तुमास्नी सांगितलतं, मास्तर." काय सांगितलं होतं ते मला कळेना, आणि रागात विचारायचंही सुचलं नाही. यापुढं पेट्या नकोत, असं सांगून मी निघून आलो. पेटी परत द्यायला गेलो होतो, ती मात्र तशीच काखेत राहिली.

पुढं आठ-दहा दिवसांनी असेल. वर्गात एक चांभाराची मुलगी होती, कुणाशी न बोलणारी. ती पेटी तिच्यापुढं कशी आली कोण जाणे. ती खिडकीतून बाहेरच्या बैलगाड्या बघत होती आणि हात मात्र खुंट्या बसवत होते. मी जाऊन पाहिलं तर ओळीत सगळे रंग एकात एक.

"हे काय गं? हे निवडलंस होय?"

"व्हय," ती म्हणाली. "हितं एक रेघ, हितं दोन, हितं तीन." आणि माझा अंगठा धरून खुंटीवर फिरवला.

मी एकेक खुंटी घेतली. साऱ्या पेटीत एकही चूक नव्हती. रेघ न् रेघ सारख्या अंतरावर, सारख्या खोलीची. मी तिथंच पोरांच्या बाकावर बसून डोळे मिटले आणि पुन्हा सगळ्या बोटांनी तपासल्या. मग हळूहळू डोक्यात उजेड पडायला लागला, आणि तो पडला नसता तर बरं, असं वाटलं.

शाळा सुटल्यावर धावत बोळात गेलो. खरादाची जागा झाडून मोकळी केली होती. चाची उरलेलं सामान बांधायला आली होती.

"चाचा कुठं आहेत?"

"जयसिंगपूरला. जावई घिऊन गेला. खराद बी वाढवला." ती गाठोड्याची गाठ मारत राहिली. माझ्यावर रागावलेली दिसत नव्हती, तेच मला जड गेलं. "ते म्हनत हुते, मास्तराला सगळं ठावं हाय. नजर वाढल्याचं त्येंला सांगितलंय, तरी बी मानसानं काम दिलं. लई मोठ्या मनाचा मानूस. मग परवा येवडं का बोललासा, ते काय त्येंला उमगंना."

ज्या माणसाच्या तोंडी फुटणं हा शब्दच नव्हता, त्यानं डोळे गेल्याचं आणखी कसं सांगायचं? वाढणं म्हणजे काय, हे मला इतकं पाठ होतं की मी वर्गात गंमत म्हणून सांगायचो. नेमका तिथं विसरलो.

पुढच्या रविवारी आगगाडीनं जयसिंगपूरला गेलो. अडतीच्या दुकानाच्या ओट्यावर, शेंगांच्या ढिगाशी चाचा बसले होते. भरल्या शेंगा एका पाटीत, फोल दुसऱ्या पाटीत. हात झरझर चालत होते. मी ओट्यापाशी जाऊन उभा राहिलो.

"मास्तर?" ते म्हणाले. "बसा की, पावणं."

मला त्यांनी कधी पावणं म्हटलं नव्हतं. मी बसलो, पाय धरले, चुकलो म्हणालो, पेट्या पुन्हा करा म्हणालो. त्यांनी पाय सोडवून घेतले आणि हात पुन्हा शेंगांत घातले.

"आता न्हाय. हे बरं हाय," म्हणाले. "ह्या निवडल्या की परत कोन मिसळत न्हाय."

त्यानंतर मी गेलो नाही. जायला हवं होतं. दोन-तीन वर्षांनी जावई शाळेत येऊन ते गेल्याचं सांगून गेला. त्यांच्या जाण्याला त्यानं कोणता शब्द वापरला ते काही आठवत नाही.

आता मी राजारामपुरीत मुलाच्या घरी असतो. त्या पेटीतली एक खुंटी माझ्या खिशात असते. परवा डॉक्टरांकडून आलो. सूनबाईनं पाणी दिलं आणि विचारलं, "मामंजी, काय म्हणाले डॉक्टर?"

"नजर वाढली," मी म्हणालो.

"बरं झालं बाई," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. मी खिशातल्या खुंटीवरून अंगठा फिरवला. दोन रेघा. रंग कोणता आहे, ते मी तिला विचारलं नाही.