सिद्धेश्वरीच्या बोलण्याचं कुलूप

बाहेर सोलापूरचं ऊन तव्यासारखं तापलेलं असायचं आणि प्रभुलिंगअप्पा हत्तुरे हॉस्पिटलच्या सर्व्हरच्या खोलीत मफलर गुंडाळून बसायचे. त्या यंत्रांना गारवा लागतो, माणसाचं काय व्हायचं ते होवो. खोलीतून बाहेर आले की लिफ्टवाला ईरप्पा ठरलेलं विचारायचा, "काय अप्पा, काश्मीर कसं हाय आज?"

"हाय तसंच हाय की," अप्पा म्हणायचे आणि मफलर सोडायचे. हॉस्पिटलातल्या रोग्यांच्या नोंदी, तपासण्या, फोटो, सगळं त्या यंत्रांत, अप्पांच्या कुलपात. पण त्यातलं अप्पांनी कधी काही वाचलं नाही. किल्ल्या सांभाळणाऱ्यानं तिजोरीत हात घालू नये, एवढं त्यांना कळत होतं.

मार्चात पुण्याहून कॉम्प्युटरच्या सुरक्षेचे जाणकार इंद्रजीत सर आले. हॉस्पिटलच्या ट्रस्टनं सगळ्या कामगारांना सक्तीनं हॉलमध्ये बसवलं. सरांचं बोलणं थोडं नाकातून, आणि श्वास घ्यायची जागा 'बरं का'वर.

"दोन प्रचंड आकडे घ्या, बरं का. गुणा. गुणाकार सगळ्या जगाला दाखवा, काही बिघडत नाही. पण मूळचे दोन आकडे कोणते, हे शोधायला आजच्या कॉम्प्युटरला युगं लागतील. आपली जुनी कुलपं या जिवावर उभी आहेत, बरं का. उद्या पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर आला, की ती उघडलीच म्हणून समजा!"

मागून ईरप्पा उठला. "पर सर, आलेलं न्हाय न्हवं अजून ते मशीन? आल्यावर बदलू की कुलूप."

हॉल हसला. सरही हसले, पण अर्धेच. "चोर थांबतो का हो तुमच्यासाठी? तो आजच कुलपासकट पेटी उचलून नेतो. ठेवतो माळ्यावर. मशीन आलं की उघडतो. म्हणून नवी कुलपं आत्ताच घालायची, बरं का. त्यांचं गणितच निराळं आहे. आणि जुन्या पेट्या उगाच साठवायच्या नाहीत."

सगळे घाबरले. अप्पा मात्र एका जुन्या पेटीचा विचार करू लागले. उघडेल? खरंच उघडेल?

त्यांची लेक सिद्धेश्वरी काही वर्षांपूर्वी याच हॉस्पिटलात गेली होती. कॉलेजात शिकणारी पोर, रक्ताचा कॅन्सर. रिपोर्ट आला तेव्हा अप्पांनी डॉक्टरांचे हात धरले, "तिला सांगू नका." घरी सगळ्यांना बजावलं, कावीळ म्हणायचं. मग काय, पाहुणे उसाचा रस घेऊन यायचे, मावशी कुणाकडून तरी झाडपाल्याची मात्रा आणायची, आणि पोर केस गळालेल्या डोक्याला रुमाल बांधून म्हणायची, "अप्पा, लई चिवट हाय की ही कावीळ." अप्पा हसायचे. हसून बाहेर जायचे.

दर आठवड्याला ती समुपदेशनाच्या सोनम मॅडमकडे जायची. दार बंद व्हायचं. बाहेर बाकावर अप्पा. एकदा आतून रडण्याचा आवाज आला, एकदा खदखदून हसण्याचा. काय बोलली, ते ना पोरीनं सांगितलं, ना मॅडमनं. तिथलं बोलणं रेकॉर्ड व्हायचं आणि एकट्या मॅडमच्या किल्लीनं बंद व्हायचं. दुसरं कुणी ऐकणार नाही, असा रोग्यांना शब्द होता. नोकरी सोडताना मॅडमनी नियमाप्रमाणे किल्ली कायमची पुसली. पेटी तेवढी राहिली, कारण दुसरा एक नियम सांगत होता की काही वर्षं ती जपायची. जपायची, पण ऐकायची नाही!

आता ती मुदत संपली होती. सरांनी अप्पांना दोन वाटा सांगितल्या. पेटी पुसून टाका, नाहीतर आहे तशी नव्या कुलपाच्या मोठ्या पेटीत घाला. "किल्ली तुमच्याकडेच राहील, बरं का. निर्णय तुमचा."

म्हणजे बाहेरचं कुलूप अप्पांचं. आतलं आज ना उद्या ते मशीन उघडणार. मग पोरीचा आवाज ऐकायला येईल. आणि एक गोष्ट कळेल. तिला ठाऊक होतं का? बापानं खोटं सांगितलं म्हणून ती रागावून गेली का?

रविवारी सकाळी त्यांनी बायकोला, जगदेवीला सांगितलं. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. आवाज ऐकायला मिळेल म्हटल्यावर तिचे हात थांबले.

"त्यात आपलीच हाय काय एकटी?"

"न्हाय. सगळ्यांचं एकात एक हाय. वेगळं काढता येत न्हाय."

"म्हणजे दुसऱ्यांच्या लेकरांचं बी उघडणार."

"मी न्हाय ऐकणार ते."

"तुमी न्हाय ऐकणार. तुमच्या मागनं ती किल्ली कुणाच्या हातात, ते कुणी बघितलंय?" तिनं टरफलं झटकली. "आपण लिंगायतांच्या रीतीनं पोरीला मातीत बसवलं. हातात इष्टलिंग दिलं, विभूती लावली, तुमी सोता खड्ड्यात उतरून तिची मान सरळ केलाव. बसवलेल्याला कुणी उठवतंय काय, काय पुटपुटतीय बघू म्हणून?"

"तसं न्हवं गं..."

"तसंच हाय. साकु बिडरी, पुरे आता." कन्नडात आली म्हणजे तिचं बोलणं संपलं.

सोमवारी अप्पांनी नव्या कुलपांचं काम सुरू केलं. एकेक पेटी नव्या कुलपात जात होती. ती पेटी त्यांनी शेवटी ठेवली. नाव दिसत नव्हतं, फक्त आकडे. दोन वेळा त्यांनी ती मोठ्या पेटीकडे सरकवली, दोन वेळा मागं घेतली. मग त्यांना बाकावरची आठवण झाली. आपल्याशेजारी एक पंढरपूरची बाई बसायची, तिचा मुलगा आत असायचा. ती दाराकडे पाठ करून बसायची. कानावर काही पडू नये म्हणून.

अप्पांनी पेटी पुसली. प्रतीही पुसल्या. खात्री आहे का, असं मशीननं विचारलं, तेव्हा त्यांनी मफलरनं डोळे पुसले आणि हो म्हटलं. कुणा चोरानं आधीच नेली असेल तर त्याला इलाज नव्हता. आपल्या हातानं तरी ती उघडणार नव्हती.

घरी आले. जगदेवीनं ताट वाढलं. भाकरीचा तुकडा हातात धरून ते बसून राहिले.

"पुसलाव?"

"व्हय." मग इतकी वर्षं कुणाला न विचारलेलं त्यांनी विचारलं. "तिला राग आला असंल काय गं माझा?"

त्यांची समजूत घालायला जगदेवीकडे एक गोड खोटं होतं, ते तिनं गिळलेलं अप्पांना दिसलं.

"आला असंल की. का येऊ नये? रोज काविळीचं पथ्य करून घालताना मला बी तुमचा राग यायचा. अजून येतो."

अप्पांनी मान हलवली. तुकडा ताटात ठेवला आणि त्या घरात पहिल्यांदाच म्हणाले, "कॅन्सर होता तिला."

"व्हय," जगदेवी म्हणाली, आणि त्यांच्याजवळ सरकून बसली. "कॅन्सर होता."